दुसरी गाठ

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. पाल, वीज, इंजेक्शन, बंद दार, उघडं दार, या सगळ्यांना मी या वयातही भिते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पोरांना दम देऊन देऊन घसा बसवून घेतला, पण तपासणीला साहेब आले की माझ्या हातातला खडू मोडायचा. परवा नातीबरोबर पोहायच्या तलावावर गेले होते. निळ्या फरश्या, स्वच्छ दिसणारा तळ, काठावर शिट्टी घेऊन उभा असलेला मास्तर. ती धडाधड उड्या मारत होती आणि मी कठड्याला घट्ट धरून उभी. ती म्हणाली, "आजी, तू तर ढिवराची मुलगी ना? तुला कसली भीती?" म्हटलं, ढिवराची आहे म्हणूनच धरून उभी आहे. ती हसली. तिला पुढचं सांगितलं नाही. ते इथं लिहिते.

आमचं घर वैनगंगेच्या काठावर, घाटाच्या अगदी माथ्यावर होतं. कुडाच्या दोन खोल्या आणि पुढे मोठी छपरी. छपरीत जाळी टांगलेली, त्यांचा ओला, मासळट वास घरातल्या भातालासुद्धा लागायचा. आम्ही ढिवर, म्हणजे नदीवर मासे धरणारे; माझे बाबा सोमाजी नाव चालवत. त्या काळी आमच्या भागात नदीवर पूल नव्हता. पैलतीरावर कुणी आलं की तोंडाभोवती हात धरून ओरडायचं, "हो नाववाले, हो!" आणि बाबा जेवत असले तरी हातातला घास ताटात ठेवून उठायचे. नुसत्या हाकेवरून ते सांगायचे, "हा कुरखेड्याकडचा बैलवाला होय," किंवा, "बाई हाय, संग लेकरू हाय, लवकर जा लागते." मला ती नुसती ओरड ऐकू यायची. त्यांना त्यात माणसं दिसायची. माय चिडायची, "तुमचे कान नाईत, दोन पोटं हायेत. एक भरलं का दुसरं उपाशी." तिच्या हातचं लाखोरीचं वरण, वांग्यात टाकलेली झिंग्यांची सुकट आणि अंबाडीची आंबट भाजी बाबांनी कधी सलग बसून खाल्ल्याचं मला आठवत नाही.

पण त्या दोन कानांतला एक तेव्हाच गेलेला होता. मी लहान असताना नदीत बुडालेल्या कुणाला तरी काढायला बाबांनी खोल बुडी मारली आणि डावा कान फुटला. उजवाही त्यानंतर पावसाळ्यात वाहायचा. चांद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की पुन्हा खोल गेलास तर हाही जाईल. तेव्हापासून बाबा नावेवरच. पाण्यात उतरायचं ते कमरेपर्यंत. मायचं लक्ष असायचं.

बाबांचा एक कायदा होता, आणि तो आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेला होता. नावेत काहीही बांधायचं नाही. पोतं असो, पेटी असो, कोकरू असो, मोकळं ठेवायचं. माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत धान्याची बांधलेली पोती नावेला घेऊन तळाशी गेली होती, आणि नावेबरोबर माणसं. बाबा म्हणायचे, "एखादं पोतं गेलं त जाऊ द्या. नाव वाचली पायजे." एखाद्या उतारूनं नावेच्या फळीला गाठोडं बांधलेलं दिसलं तर ते काही न बोलता जाऊन सोडून टाकायचे. अगदी बांधावंच लागलं तर सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी. निरगाठ त्यांच्या दोरीला कधी दिसली नाही. गावातल्या कुणाचंही जाळं ते अंधारात गाठी चाचपून ओळखायचे, "हे बुधाजीचं, हे त्याच्या सासऱ्याचं," असं.

मग पूल आला. म्हणजे पूल नाही, आधी पुलाची माणसं आली. नदीच्या पात्रात पायाच्या मोठमोठ्या पोकळ विहिरी उतरवून त्यांच्यावर खांब उभे करायचे होते. विहिरीखाली दगड, लाकूड अडकलं की ते काढायला एक पाणबुड्या आणला होता, कोकणातला, दामू तांडेल. राहायला त्याला आमची छपरी दिली. अंगानं वाळका, केस पांढरे, सतत बिडी. मायनं पहिल्या दिवशी त्याला मरळ मासळीचं कालवण वाढलं तर त्यानं एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "वैनी, नारळ नाय?" माय म्हणाली, "नारळ देवाले फोडतेत भाऊ, मासोळीले नाई." पंधरा दिवसांत तो अंबाडीवर आला आणि महिन्याभरात मागून घेऊ लागला.

त्याचा टोप मात्र मला सोसवत नव्हता. पितळेचा, गोल, माझ्या दोन डोक्यांएवढा. समोर आणि दोन्ही बाजूंना जाड काचेच्या खिडक्या, माथ्यावर एक लोखंडी कडी. तो घातला की वरून पंपानं हवा सोडायची आणि तांडेलभाऊ तासभर पाण्याखाली काम करायचा. जीव होता त्याचा त्या टोपात. रोज संध्याकाळी घरी आणायचा, चिंच आणि राखेनं घासायचा आणि छपरीत ठेवायचा. गावातली पोरं त्याला पितळी मुंडकं म्हणायची. दिवे लागले की त्या काचांत आमची चूल दिसायची, दोन लाल ठिपके. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायची, पण मग पाठीला गार वाटायचं. शेवटी माय त्याच्यावर टोपली पालथी घालायची आणि म्हणायची, "झालं? आता भात गीळ."

नवरात्र नुकतं संपलं होतं. नदी उतरली होती, तरी पाणी अजून मातकट होतं, हात बुडवला तर मनगट दिसायचं नाही. काम पैलतीराकडच्या विहिरीवर सरकलं. तांडेलभाऊ पंप घेऊन पुलाच्या मोठ्या बोटीनं सकाळीच पुढे गेला. बोट पंपानंच भरली, म्हणून टोप मागून बाबांच्या नावेनं यायचा होता. जाताना तो दोनदा सांगून गेला, "सोमाभाऊ, टोप बांधून आण हां. गोल हाय तो." बाबा हो म्हणाले. मग त्यांनी टोप तरटात गुंडाळला, भाताच्या तणसावर ठेवला आणि नेहमीसारखा मोकळाच ठेवून नाव सोडली.

घाट आणि विहीर यांच्या मधोमध डोह होता. तिथं पाणी वरून गप्प दिसायचं आणि आतून फिरायचं. भोवऱ्यात नाव कलली. पोतं असतं तर फार तर एका कडेला सरकलं असतं. टोप तरटातून सुटून घरंगळला, काठावरून गेला आणि एकदाच बुडबुडे आले. बाबांनी आधी नाव सावरली. मग पहिलं काम केलं ते खुणेचं. एका तीरावरचं कौहाचं मोठं झाड आणि दुसऱ्या तीरावरच्या देवळाची काठी, ही दोन्ही कुठं आणि कशी दिसतात ते नजरेत बांधून घेतलं. तेवढं एक बांधायचं त्यांना मान्य होतं.

पुलाच्या ओव्हरसियरला हे काही पटलं नाही. तो तरुण होता, बाहेरून आलेला, आणि त्याच्या डोक्यावरही कुणीतरी साहेब असणार. तो आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "इतकं पितळ नदीत पडलं आणि पाहिलं कुणी? एकट्या तू?" बाबा म्हणाले, "पायलं मीनंच साहेब, कारन पाडलं मीनंच." "आणि बांधलं का नाही?" याला उत्तर होतं, पण ते त्याला कसं सांगणार? बाबा गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं चोराचं दिसलं. ओव्हरसियर म्हणाला, परवा दुपारपर्यंत टोप आला नाही तर ठाण्यात कळवतो, मग भट्टीत कुठं वितळवलंस ते शिपायांना सांग.

ठाण्यात नेतात म्हणजे काय करतात ते मी पाहिलेलं होतं. आदल्या वर्षी बाजाराच्या दिवशी एका माणसाला कमरेला दोरी बांधून नेलं होतं. पुढे शिपाई, हातात दोरीचं टोक, आणि मागे तो माणूस खाली मान घालून. बाजारातल्या बायका टोपल्या आवरून बाजूला होत होत्या. तो निर्दोष सुटला म्हणे पुढे. पण गावात त्याचं नाव निघालं की दोरीचंच निघायचं. मी त्या रात्री डोळे मिटले की त्या दोरीला बाबा दिसायचे.

दुसऱ्या दिवशी आमच्यातली सगळी मंडळी घाटावर जमली, पण डोहात उतरायला कुणी तयार नव्हतं. डोह आसरांचा, सात बायांचा. त्यात पडलेली वस्तू मागायची नाही, हा रिवाज. बुधाजीकाका म्हणाले, "नाव धरतो, दोर धरतो, बाप्पा, पन बुडी नाई मारत. लेकराबायकोचा मानूस हाय मी." त्यांना मी दोष देत नाही. तांडेलभाऊ मात्र उतरला. अंगातला सदरा काढून बिनटोपाचा. पण बिड्यांनी छाती खाल्लेली, वरून हवा मिळाली तर तास काढणारा माणूस स्वतःच्या दमावर वीस आकडे मोजेपर्यंतही राहू शकला नाही. खोकत, निळा पडून वर आला आणि नावेच्या काठाला धरून रडला. "टोप हाय तवर मी पाणबुड्या," म्हणाला, "टोप नाय तर कोण नाय मी."

बाबा धोतर खोचायला लागले. मायनं त्यांचा हात धरला. "तुमी नाई. कान गेला त नाव गेली, नाव गेली त आपन काय खाचं? मी नाई जाऊ देत." "मंग शिपायी येऊ देऊ काय?" त्यांनी विचारलं. तेव्हा माय रागानं बोलून गेली, "साऱ्या गावात लांब दम कोनाचा हाय ते सगळ्याइले मालूम हाय!" आणि बोलल्याबरोबर तिनं तोंडावर पदर दाबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ते खरं होतं. गावच्या तलावात शिंगाडे आणि कमळाचे कांदे काढायला आम्ही सगळ्याच पोरी बुड्या मारायचो, पण माझा दम सगळ्यांहून लांब होता. त्यात पराक्रम काही नव्हता. मायनं काठी उचलली की मी तलावात जाऊन पाण्याखाली बसायची, ती जाईपर्यंत. भीतीनं कमावलेला दम तो. पण तलावाचं पाणी नितळ, कमरेएवढं, फार तर गळ्याएवढं. डोह तीन पुरुष खोल, आणि चहासारखा. पंधरावं लागलं होतं मला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. माझे दात वाजत होते, आणि ते माझं उत्तर आहे असं सगळ्यांनी धरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं भात रांधला आणि मला दिला नाही. बुडी मारणाऱ्यानं रिकाम्या पोटी जायचं असतं. त्या भाताचा वास आजही माझ्या नाकात आहे, नव्या धानाचा. तिनं काठावर सात दगड मांडून कुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या वाहिल्या, आणि मग त्या दगडांना चक्क दम दिला, "माह्या पोरीले हात लावसान त पाय जा!"

बाबांनी कौहा आणि देवळाची काठी जुळवून नाव उभी केली आणि दोरीनं दगड सोडून ठेवला. बुधाजीकाकांनी वल्हं धरलं. दोन दोर होते. एक माझ्या कमरेला, त्याचं टोक बाबांच्या हातात. दुसऱ्याला लोखंडी आकडा, तो टोपाच्या कडीत अडकवायचा, त्याचं टोक तांडेलभाऊकडे. कमरेच्या दोरावरून दोघांत वाद झाला. तांडेलभाऊ म्हणाला, "पक्की निरगाठ मार. पोरगी खाली सुटली तर हुडकायची कुठं?" बाबा म्हणाले, "आन दोर अडकला त? खाली झाडं येऊन पडले हायेत पुराचे." ते कधी नव्हे ते पाण्यात काही बांधत होते, आणि तेही मला. त्यांनी सुरगाठ मारली, टोक माझ्या उजव्या हातात दिलं. "हे पाय गिरजे. दोर अडकला त हे एकदा ओढजो, सुटते. मंग वर ये. आन डोळे पयलेच मिटून घे. उघडले का खाली काईबाई दिसते. मिटले का नुसतं पानी असते."

पहिल्या तीन बुड्यांत काही मिळालं नाही. दगडाचा दोर धरून खाली जायचं, कान दुखले की आवंढा गिळायचा, तळाचा चिखल पायाला लागला की दगडाभोवती गोल फिरत हातापायांनी चाचपायचं. चिखल मऊ, गार, घोट्यापर्यंत आत घेणारा. एक आडवं पडलेलं झाड हाताला लागलं, शेवाळलेलं, फांद्यांसकट. कुठून तरी काहीतरी पोटरीला घासून गेलं. प्रत्येक वेळी मी वर येऊन नावेचा काठ धरायची आणि वाटायचं, आता बास म्हणतील. कुणी बास म्हणत नव्हतं. काठावर ओव्हरसियर येऊन उभा होता, त्याच्याबरोबर आणखी दोन माणसं.

चौथ्या बुडीत माझा हात एका डोक्यावर पडला. गोल, गुळगुळीत, चिखलात मानेपर्यंत रुतलेलं माणसाचं डोकं. मी डोळे उघडले. काळोख होता, पिवळट काळोख, आणि त्यात मला ते डोकं दिसलंही, मान वर करताना दिसलं. मी किंचाळले. पाण्याखाली किंचाळलं की दम जातो आणि त्याच्या जागी नदी येते. कशी वर आले ठाऊक नाही. खोकत, ओकत मी ओरडले, "मानूस हाय! खाली मानूस हाय!" तांडेलभाऊ नावेत उभाच राहिला. "गोल? गुळगुळीत? अगो, तोच तो! माझा टोप गो तो!" त्याचं ते हसणं मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी त्याला चावले असते.

मी म्हटलं, मी आता जाणार नाही. सरळ म्हटलं. कमरेचा दोर सोडायला लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "राहू दे बाई," म्हणाले. "लय झालं. मी जातो त्याइच्यासंग ठान्यात. खरं बोलाले काय भेव?" आणि ते काठावरच्या त्या माणसांकडे बघू लागले. त्यांची मान खाली गेली, अगदी थोडी. मी ती मान बाजारात पाहिलेली होती.

"बांधा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा सुरगाठ मारली, टोक हातात दिलं. आणि आता जे मी केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ना मायला, ना नवऱ्याला, ना पोरांना. नावेच्या पलीकडच्या अंगाला मी पाण्यात उतरले, पाय मारत नावेला खांदा टेकला, आणि दम घ्यायचं सोंग करत पाण्याखाली दोन्ही हातांनी त्या मोकळ्या टोकाची वरून आणखी एक गाठ मारली. घट्ट ओढली. मला वाटलं, ते डोकं पुन्हा हाताला लागलं आणि मी घाबरून चुकून टोक ओढलं तर? दोर सुटेल, आणि मी त्या पिवळ्या काळोखात एकटी राहीन. दोर म्हणजे बाबांचा हात होता. तो सुटायला नको होता मला, काहीही झालं तरी. एवढाच विचार केला. विचार कसला, भीतीनं बोटं चालली.

टोप सापडला. त्याच्या गळ्याच्या भोकात हात गेला तर आत काहीतरी सळसळलं आणि माझ्या मनगटाला वळसा घालून निघून गेलं, सापासारखी वाम मासळी असणार, दोन दिवसांत तिनं घर केलं होतं. मी ओठ दाबून धरले. माथ्यावरची कडी चाचपली, आकडा अडकवला, त्या दोराला झटका दिला. टोप चिखलातून निघाला तो आवाज मला अंगभर ऐकू आला. तो माझ्या गालाला लागून वर गेला. झालं, असं मला वाटलं. मी पाय मारले आणि वर निघाले, आणि कमरेत हिसका बसला.

गोल गोल फिरताना माझा दोर त्या आडव्या झाडाच्या फांदीभोवती गुंडाळला होता. मी झटके दिले. ते झटके फांदीपर्यंतच जात होते, वर बाबांच्या हाताला काही कळत नव्हतं. मग मी टोक ओढलं. सुटलं नाही. पुन्हा ओढलं. ओल्या सुताची दुसरी गाठ, माझ्याच हातची, दगडासारखी बसली होती. नखं लावली. नख उलटलं. छातीत भट्टी पेटली. त्या वेळी मला देव आठवला नाही, माय आठवली नाही. मला फक्त एवढं आठवलं की हे मीच केलं आहे, आणि कुणाला कळणारही नाही, सगळे म्हणतील बायांनी नेली. मी डोळे उघडले. या वेळी काहीच दिसलं नाही, आणि ते जास्त भयंकर होतं.

वर काय झालं ते मला नंतर बुधाजीकाकांनी सांगितलं. टोप वर आला, सगळे ओरडले, तांडेलभाऊनं त्याला मिठी मारली. बाबांनी टोपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते हातातल्या दोराकडे बघत होते. दोर ताठ होता आणि हलत नव्हता. माय काठावरून ओरडली, "तुमी नाई! तुमी नाई!" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते जाळं कापायचा चाकू दातात धरून पाण्यात होते. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या कमरेपाशी दोन हात आले. ते हात गाठीवर गेले, टोक शोधलं, एकदा ओढलं, आणि थांबले. एका क्षणाहून जास्त नसेल. मग बोटांनी ती गाठ चाचपली, वरची आणि खालची. मग चाकू चालला.

नावेत मला पालथं घालून पाणी काढलं. डोळे उघडले तर बाबा शेजारी बसलेले, धापा टाकत, आणि उजव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरलेली. काठावर ओव्हरसियरनं टोप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बरं झालं." एवढंच म्हणाला. माणूस वाईट नसावा. आज त्याच्या वयाची माझी नातवंडं आहेत, तीही एवढंच म्हणतील. माझ्या कमरेला राहिलेलं दोराचं कडं, त्या दोन गाठींसकट, मी घरी आल्याबरोबर चुलीत घातलं.

त्या दिवशी ऊन उतरताना मायनं सकाळचा भात सगळ्यांना वाढला. तांडेलभाऊ टोप मांडीवर घेऊन जेवायला बसला होता. बाबा कान कापसानं बंद करून, पहिल्यांदाच, सावकाश जेवत होते. तेवढ्यात पैलतीरावरून हाक आली, "हो नाववाले, हो!" मायचा वाढता हात थांबला. बाबांनी वरणात भात कालवला. पुन्हा हाक आली, लांब, स्पष्ट. बाबांनी घास घेतला, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे का बघतो आहोत ते न कळून माझ्याकडे बघून हसले. माय तिथंच भाताचं भांडं घेऊन खाली बसली.

कापूस निघाला, कान काही आला नाही. नाव मात्र चालू राहिली, कारण मी होते. शाळेतून आले की मी घाटावर वही घेऊन बसायची. हाक आली की उठून बाबांच्या खांद्याला हात लावायची. ते लगेच पैलतीराकडे बघायचे, माणूस हेरायचे आणि वल्हं उचलायचे. शाळेच्या वेळात माय बसायची. बाबांनी त्या डोहाचा विषय कधी काढला नाही. मी मनाशी धरून चालले होते की त्यांना ठाऊक नाही. दोर अडकला, गाठ ओली होती, घाईत सुटली नाही, असं तेच लोकांना सांगायचे, मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाच्या. मी मान खाली घालून ऐकायची. खरं सांगायचं दोनदा मनात आलं होतं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला अशी गोष्ट ओरडून सांगावी लागते, आणि ओरडून सांगायची तर सगळं गाव ऐकणार. मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगितलं.

शाळेत उशिरा घातलेली मी दोन वर्षांनी सातवी पास झाले आणि मास्तरीण होण्यासाठी चांद्याला ट्रेनिंगला माझं नाव लागलं. मी म्हटलं, जात नाही, हाका कोण ऐकेल? मायनं काठी उचलली. या वेळी पाण्याखाली बसून भागणार नव्हतं. निघायच्या दिवशी पूल अजून अर्धाच होता, खांब उभे, वरचं काही नाही. बाबांनीच मला नावेतून नेलं. माझी पत्र्याची पेटी मोकळी ठेवली. वळकटी सुटत होती म्हणून तिला दोरी घेतली. गुडघा देऊन आवळली, सुरगाठ मारली, आणि मोकळं टोक उचलून माझ्या हातात दिलं. माझी बोटं त्याच्यावर मिटवली आणि वरून आपला हात तसाच ठेवला.

"एकदा ओढलं का सुटते," ते म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात, दोन्ही तीरांवर ऐकू जाईल असं. "वरून दुसरी गाठ नोको मारू, बाई. भेव लागलं तरी नोको मारू."

मग ते वल्ह्याकडे वळले. नाव डोहावरून चालली होती. मला बोलायचं होतं, दोन वर्षं साठलेलं सगळं बोलायचं होतं, पण पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाशी काय बोलणार? मी पुढे सरकून त्यांच्या खांद्याला हात लावला. बाबांनी लगेच मान वर केली आणि कोण हाक मारतंय ते पाहायला पैलतीराकडे बघू लागले.